सुलटा खांब

पेडर्स फार्मच्या घरात एकही कोपरा काटकोनात नव्हता आणि अँब्रोज केरिजला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. इंग्लंडातल्या सफोकच्या चिकणमातीवर साडेतीनशे वर्षं उभं राहिलेलं लाकडी सांगाड्याचं घर. ते थोडं कलणार, थोडं पोट काढणारच. खाली विटांची जमीन, मधोमध दोन माणसं आत शिरून बसतील एवढी मोठी चूल, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बैठकीची खोली. भिंती कुडाच्या, वर चुन्याचा गिलावा. माडीवरच्या जमिनीला तर एवढा उतार, की पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी चकत्या दिल्या नाहीत तर झोपलेला माणूस सकाळी खिडकीपाशी सापडायचा. त्या चकत्या पहिल्यांदा अँब्रोजच्या आजोबांनी केल्या, मग बापाने बदलल्या. आता अँब्रोज एकसष्ट वर्षांचा होता आणि तिसरी जोडी त्याच्या हातची होती.

सुतारकाम करणाऱ्या केरिज मंडळींनी पिढ्यान् पिढ्या या घराची डागडुजी केली, पण नातं जुळलं ते अँब्रोजच्या वेळी. त्याची एकुलती एक मुलगी ऑलिव्ह या घरच्या रेजी ऑल्डसला दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं. आता एकोणीसशे त्रेपन्न सालच्या मे महिन्यात तिसऱ्यांदा दिवस भरणार होते. आदल्याच हिवाळ्यात अँब्रोजची बायको एडिथ गेली होती, नातवंडाचं तोंड न बघता. त्यामुळे तो अलीकडे फार बोलत नसे, पण मनात त्याचं सगळं त्या येणाऱ्या मुलाभोवती फिरत होतं.

आणि नेमका त्याच वर्षी बैठकीच्या कोपऱ्यातला खांब कुजला. हा खांब साधासुधा नव्हता. जोत्यापासून छपराच्या तुळईपर्यंत अखंड चढलेला, माडीचा अर्धा भार अंगावर घेणारा. अँब्रोजने तळाशी पटाशी लावली तर ती लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. बाळंतपणाची खोली बरोब्बर त्याच्या वर होती.

"बदलावा लागेल," तो म्हणाला. "आणि लवकर."

या घरातले सगळे खांब उलटे होते. तिकडच्या जुन्या सुतारांची ती रीतच होती: ओक तोडला की बुंध्याचं रुंद टोक वर करायचं आणि शेंडा जमिनीकडे. त्याला व्यवहारी कारण होतं. वरच्या टोकाला तीन तुळया येऊन मिळतात, तेव्हा खाचा पाडायला तिथे रुंद लाकूड हवं. अँब्रोजचा बाप मात्र वेगळंच कारण सांगायचा. झाडाला उलटं केलं की त्याला कळतं, आपण आता झाड नाही. अँब्रोज लहानपणी हे ऐकून हसला होता आणि बापाने त्याच्या थोबाडीत मारली होती.

पण या वेळी गणित जमेना. जानेवारीच्या मोठ्या वादळात रेजीच्या कुंपणावरचा एक ओक मुळासकट आडवा झाला होता. सरळ, जोमदार, फांद्यांवर कळ्या धरलेल्या. फक्त बुंधा आतून पोकळ. वर मात्र, जिथे दोन जाड फांद्या फुटल्या होत्या, तिथे लाकूड रुंद आणि निरोगी होतं. म्हणजे झाड जसं वाढलं तसंच उभं केलं तरच वरच्या खाचा निघत होत्या. दुसरा ओक शोधायचा म्हणजे उन्हाळा उजाडला असता. अँब्रोजने दोन दिवस त्या ओंडक्याभोवती फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी करवत लावली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात खांब उभा राहिला, शेंडा वर.

"सासरेबुवा," रेजी खाली उभा राहून म्हणाला, "घरातले सगळे खांब डोक्यावर उभे, आणि तुमचा एकटाच पायांवर. शेजाऱ्यांशी त्याचं पटायचं कसं?"

"तुझ्याच झाडाचं बूड पोकळ निघालं. मिळेल तसं पदरात घ्यावं लागतं. जावयाचंही तसंच झालं."

रेजी मोठ्याने हसला. अँब्रोजही हसला, पण घरी जाताना त्याने गालावरून हात फिरवला. बापाची ती चपराक त्याला इतक्या वर्षांनी स्पष्ट आठवली.

एप्रिलमध्ये खांबाला पाणी सुटलं. ओला ओक वर्षभर पाणी टाकतोच, त्यात नवल नाही. पण हे पाणी वरून खाली ओघळत नव्हतं. तळाशी खांब कोरडा होता आणि ओल हातभर वर सुरू होऊन आठवड्याला आठवड्याला चढत होती. महिन्याच्या शेवटी एका लाकडी खुंटीच्या कडेला अँब्रोजला एक तपकिरी कळी दिसली, गव्हाच्या दाण्याएवढी. तोडलेल्या फांदीलाही वसंतात कधी कधी फुटवा येतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने ती नखाने खुडली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मे महिन्यात ऑलिव्हला मुलगी झाली. सुखरूप, गुटगुटीत, आवाज अख्ख्या खळ्याला ऐकू जाईल असा. तिचं नाव एडिथ ठेवायचं ठरलं आणि सगळे तिला एडी म्हणू लागले. अँब्रोजने तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि घाईघाईने ऑलिव्हकडे परत दिलं. तो खिडकीशी जाऊन उगाच चौकट तपासत उभा राहिला.

ऑल्डस घराण्यात एक चाल होती. बाप्तिस्मा करून चर्चमधून परत आलं की मुलाला बैठकीच्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकवून उभं धरायचं आणि टाळूच्या उंचीवर चाकूने खाच पाडायची. मग मूल घराच्या अंगाला लागतं, असं म्हणत. जुन्या खांबावर अशा एकोणतीस खाचा होत्या. तो खांब आता कोठारात आडवा पडला होता, म्हणून एडीची खाच नव्या खांबावर पहिली.

"तुम्हीच करा," रेजीने चाकू पुढे केला. "खांब तुमचा, नातही तुमची."

ऑलिव्हने मुलीला काखेत धरून टाचा विटांना टेकवल्या. अँब्रोजने चाकूचं पातं टाळूवर आडवं धरलं आणि खाच मारली. पातं बाहेर काढलं तेव्हा ते ओलं होतं. त्याने ते विजारीला पुसलं आणि सवयीप्रमाणे खिशातल्या वहीत आकडा लिहिला: साडेएकवीस इंच.

जुलैच्या सुरुवातीला रेजीने त्याला माडीवरचं दार तासायला बोलावलं. दार चौकटीत अडकत होतं. अँब्रोजने वरची कड रंध्याने उतरवली. आठ दिवसांनी ते परत अडकलं. तेव्हा त्याने पाणसळ लावली आणि तो बराच वेळ तिच्या बुडबुड्याकडे बघत राहिला. घर खचलं तर कोपरा खाली जातो. हा कोपरा वर गेला होता.

खाली आला तर स्वयंपाकघरात नर्स क्रॅनमर काट्यावर एडीला तोलत होती. ही बाई गावातल्या निम्म्या पोरांना जगात आणणारी, सहजी गोंधळणारी नव्हे. तिने मुलीला उचललं, परत ठेवलं, काटा टिचकी मारून पाहिला.

"दूध भरपूर आहे," ती म्हणाली, "पोरगी पितेही जीव लावून. मग जातंय कुठे?"

"कमी भरलं का?" ऑलिव्हने विचारलं.

"थोडंसं. उन्हाळा आहे. बघू पुढच्या आठवड्यात."

नर्स गेल्यावर ऑलिव्हने बाप्तिस्म्याची टोपी आणली आणि एडीच्या डोक्यावर ठेवली. टोपी डोळ्यांवर उतरली.

"बाबा, महिन्यापूर्वी ही घट्ट होत होती. मी वेडी झालेय का हो?"

अँब्रोज एडीला बैठकीत घेऊन गेला. टाचा विटांना, पाठ खांबाला. खाच तिच्या डोक्याच्या वर होती. चांगली बोटभर वर.

त्याने आधी खाच मोजली. साडेएकवीस इंच, जिथल्या तिथे. मग मुलीला टेबलावर आडवं निजवून घडीची पट्टी लावली. साडेवीस. मग तो माडीवर जाऊन शिडीने खांबाच्या माथ्यापाशी चढला. मार्चमध्ये तुळईखाली त्याने पेन्सिलीची रेघ मारली होती. माडीच्या जमिनीपासून तिचं अंतर वहीत होतं आणि शेजारच्या खांबाशी तिची पातळीही. रेघ एक इंच वर गेली होती.

एक इंच तिकडे वाढला होता आणि एक इंच इकडे कमी झाला होता. अँब्रोज उभ्या आयुष्यात भुताखेतांच्या वाटेला गेला नव्हता. पण मोजमापावर त्याचा विश्वास होता आणि मोजमाप चुकत नव्हतं.

"ऑलिव्हला आठ दिवस माझ्याकडे पाठव," तो रेजीला म्हणाला. "घरात ओल आहे. पोरीला सोसत नाहीये."

रेजीने लगेच गाडी काढली. तोही आता विनोद करत नव्हता. अँब्रोजच्या गावातल्या दोन खोल्यांच्या घरात ऑलिव्ह आठ दिवस राहिली. रोज सकाळी ती अंगणात उन्हात बसून मुलीला पाजायची आणि रोज संध्याकाळी बापाकडे बघायची. त्याला काही तरी माहीत आहे हे तिला कळत होतं. तो मान खाली घालून पट्टी पुसत बसायचा. चूक त्याची होती आणि ते सांगायला त्याची जीभ वळत नव्हती.

आठव्या दिवशी एडी चार सूत कमी भरली. अँब्रोज सायकलवर टांग मारून दोन मैल पेडर्स फार्मला गेला, शिडी चढला. रेघ चार सूत वर होती.

मुलीला कुठेही नेलं तरी फरक पडणार नव्हता. तो हिशेब त्याने शिडीवर उभ्या उभ्याच केला. साडेवीसातून चार सूत गेले की वीस. आठवड्याला अर्धा इंच. नाताळपर्यंत काय उरेल, हे त्याच्या मनात आलं आणि तो तडक शिडी उतरला.

ऑलिव्ह मुलीला घेऊन परत आली त्याच दिवशी अँब्रोजने तुळईखाली चार टेके लावले आणि खांबाला करवत लावली. कापून काढायचा, उलटा करून बसवायचा, मग पुढचं पुढे. रेजी शेतावर होता. ऑलिव्ह चुलीपलीकडे स्वयंपाकघरात होती. त्याने करवत एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली.

"बाबा," ऑलिव्हने हाक मारली. "बाबा, इकडे या. हिच्या नाकातून रक्त येतंय."

तो गेला नाही. त्याने करवत खाली ठेवली. कापलेल्या चिरेतून पाणी येत होतं, त्यावर त्याने अंगठा दाबून धरला आणि ऑलिव्ह "थांबलं, थांबलं" म्हणेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मग त्या चिरेत मेण भरलं. टेके काढताना तो तळाशी वाकला. जोत्याच्या विटांमधला चुना चार ठिकाणी फुटला होता आणि प्रत्येक फटीतून बोटाएवढं जाड, पांढरट, ओलं काही तरी मातीत उतरलं होतं. बुंध्यावरची पोकळ जागा त्याने स्वतः कापून टाकली होती. तिथे मुळांचा मागमूसही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने पटाशीने एडीची खाच तासून काढली. इतकी गुळगुळीत, की बोटाला कळू नये.

सकाळी खाच परत होती. नव्या लाकडात, धारदार कडांची, आत्ताच चाकू बाहेर काढल्यासारखी.

त्याने पुन्हा तासली. ती पुन्हा आली.

मुलगी साडेएकोणीस इंचांवर आली तेव्हा नर्स क्रॅनमरने काटा पिशवीत घातला आणि इप्सविचच्या इस्पितळाचं नाव काढलं. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या अँब्रोजला ती हळूच म्हणाली, "मुलीला सावरा, केरिज. ऑलिव्हला म्हणतेय मी. अशा गोष्टीला तयारी असावी लागते."

तो रात्रभर जागा राहिला नाही की त्याने देवाचा धावा केला नाही. त्याने सुतारासारखा विचार केला. एकदा खाच पाडली की तिच्यात काही तरी बसवावंच लागतं. ती रिकामी ठेवून चालत नाही. या खांबाला एक माप दिलं होतं. ते परत मागून तो देत नव्हता. दुसरं दिलं तर कदाचित घेईल.

रविवारी सगळे चर्चला गेले. इस्पितळात नेण्याआधी ऑलिव्हला एकदा तिथे जायचं होतं. गुडघा दुखतो म्हणून अँब्रोज मागे राहिला.

घरात ऊन आलं होतं. बैठकीच्या विटांवर खिडकीच्या चौकटींची सावली पडली होती. चूल विझलेली होती.

त्याने बूट काढले. मोजे काढले. टाचा खांबाला लावल्या.

पाठीला गारवा लागला, सदऱ्यातूनही.

चाकूचं पातं डोक्यावर आडवं धरून त्याने मागे दाबलं, वळला, आणि खाच पुरी केली. पाच फूट सात इंच. तरुणपणी पलटणीत मोजले होते तेवढेच.

मग तो गुडघ्यांवर बसला आणि एडीची खाच तिसऱ्यांदा तासून काढली.

सोमवारी पहाटे तो आला तेव्हा रेजी गाई पिळत होता. खांबाच्या खालच्या भागावर काही नव्हतं. अँब्रोजने हात फिरवला, मग गाल लावून तिरका पाहिला. गुळगुळीत. वरच्या खाचेत पाण्याचा एक थेंब जमला होता.

तो विटांवर बसला आणि रडला. एडिथ गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते सगळं त्या सकाळी आलं.

इस्पितळात एडीला चार दिवस ठेवलं आणि वजन वाढतंय म्हणून घरी पाठवलं. ऑगस्टच्या अखेरीस बाप्तिस्म्याची टोपी तिला पुन्हा घट्ट झाली आणि सप्टेंबरात बसेचना. नर्स क्रॅनमर काट्याकडे बघून नुसती मान हलवायची आणि म्हणायची की तीस वर्षांत असं पाहिलं नाही. ऑलिव्ह गाणी म्हणत कपडे वाळत घालू लागली. अँब्रोजला ते अंगणातून ऐकू यायचं आणि आपण केलं ते बरोबर केलं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरायची नाही.

माडीवरचं दार अजून दर आठवड्याला अडकत होतं. तो दर आठवड्याला येऊन ते तासायचा.

"सासरेबुवा, ही विजार कोणाची ढापलीत?" कापणी संपली त्या दिवशी रेजीने विचारलं. गड्यांना द्यायच्या मेजवानीसाठी खळ्यात लांब टेबलं मांडणं चाललं होतं. "टाचेखाली येतेय. पडाल एखाद दिवशी."

"वय झालं की माणूस आखडतो," अँब्रोज म्हणाला. "तुझीही वेळ येईल."

त्याने आदल्या आठवड्यात सायकलची सीट दुसऱ्यांदा खाली घेतली होती. कामाच्या ओट्यापुढे आधी एक फळी टाकली होती, आता दोन होत्या. भिंतीवरच्या दाढीच्या आरशात त्याला तीस वर्षं आपला चेहरा दिसत आला होता. हल्ली कपाळ दिसायचं. खिळा खाली ठोकायला हवा, असं तो रोज ठरवायचा.

ऑलिव्ह जिन्यावरून पाळणा खाली घेऊन आली. ओकचा, ऑलिव्ह एडिथच्या पोटात असताना अँब्रोजनेच केलेला. पुढे एडीही त्यातच वाढली.

"बाबा, आता हा माळ्यावर टाकते. ही आता कुशीवर वळते, उलथेल कधी तरी. रेजी कठड्याची खाट आणणार आहे."

अँब्रोजने पाळणा तिच्या हातातून घेतला. चुलीपाशी उजेडात ठेवला, खिशातून घडीची पट्टी काढली आणि आतून लांबी मोजली. तीन फूट दोन इंच. मग तो क्षणभर बोटांवर आठवडे मोजत राहिला.

"माळ्यावर नको," तो म्हणाला. "इथेच असू दे, उबेला. पुढच्या कापणीला लागेल."

ऑलिव्हचे कान लाल झाले. "बाबा, काही तरीच तुमचं. इतक्यात कुठे? आधी ही तर चालू दे."

"तळाला आणखी दोन फळ्या मारून ठेवतो. भार पेलला पाहिजे."

"तान्ह्या पोराचा असा कितीसा भार असणार?" ती हसत हसत म्हणाली आणि एडीला कडेवर घेऊन खळ्याकडे निघाली.

अँब्रोजने पाळणा उपडा केला, बोटांवर आलेली बाही वर दुमडली, आणि फळ्या कुठे येतील तिथे पेन्सिलीने रेघा मारू लागला.